देव्हाऱ्यातलं पितळी यंत्र

आमच्या जोतीरामासारखा कारागीर कोरेगाव तालुक्यात दुसरा झाला न्हाई. शाळा चौथीपातूरच, पर बोटांत अक्कल. मोटंचं चाक असूद्या न्हाईतर शिवणयंत्र, हातात घेतलं की चालू करूनच खाली ठेवायचा. आन् ह्या घरात भेकड माणूस कवा जन्मलाच न्हाई. त्रेचाळीस सालचे दोन दिवस तेवढे सोडायचे. ते दोन दिवस जोतीराम लय भ्याला. भ्याला, पर पळाला न्हाई, म्हणून सांगायचं.

त्येचे थोरले भाऊ हंबीरराव पलटणीत हवालदार. उंचेपुरे, सायबाच्या डोळ्याला डोळा देणारे. रजेवर आले तवा सांगलीच्या बाहुबली शेटकडनं त्येंनी एक बाजा आणला. पेटीवर तबकडी ठेवायची, सुई टेकवायची, की गाणं सुरू. गावात दुसऱ्या कुणाकडं असला बाजा नव्हता. पेटीच्या खणात मुठीएवढी एक पितळी वस्तू निघाली. एक चाक, चाकावर खरखरीत कागद, चाक फिरवायला बारीक दांडी, आन् म्होरं दाभणाच्या भोकाएवढी नळी. ती कशाची, हे विचारायच्या आत रजा संपली आन् हंबीरराव गेले.

आई साळूबाईनं ती वस्तू देव्हाऱ्यात ठेवली. लेकानं लांबनं आणलेलं पितळ, ते का कोनाड्यात टाकायचं? रोज हळदकुंकू, खंडेनवमीला दुप्पट. लढाईपायी सुया मिळंनात, दिवाळीपासनं बाजा मुका पडला, पर पूजा काय चुकली न्हाई.

शिमग्याच्या आसपास रेल्वेच्या तारा कुणीतरी तोडल्या आन् गावात झडती आली. फौजदारानं देव्हाऱ्यातली ती वस्तू बाहेर काढली. चाकाच्या फटीत लाल भुकटी घट्ट बसलेली. त्येनं ती बोटावर घेतली, नाकाला लावली आन् हे काय म्हणून विचारलं.

"कुंकू हाय, साहेब," जोतीराम म्हणाला. "आई पूजा करती."

"पूजा कशाची करता तुमी? हत्याराचीच ना? मग हत्यारच हाय हे. तारा तोडायचं का बाँब पेटवायचं, ते सांग."

बाजातली वस्तू हाय एवढं जोतीराम बोलला. बाजात ही काय करती, हे विचारल्यावर मात्र त्येला सांगता येईना. आयुष्यात पयल्यांदा हातात धरलेली चीज त्येला वळकत नव्हती. मागच्या आठवड्यात शेजारगावचा कृष्णात असाच नेला हुता. त्येची बायको अजून सातारच्या तुरुंगाच्या दारात बसून हुती.

फौजदारानं वस्तू फडक्यात बांधून लाख लावली. घरचा माणूस सरकारच्या पलटणीत, तेवढ्यावर मुदत मिळाली. परवा दुपारी चावडीवर बाजा वाजवून दाखवायचा, ह्या यंत्रासकट. न्हाईतर बेडी. साळूबाई उंबऱ्यावर बसली ती उठंना. आपल्याच हातच्या कुंकवानं लेक बांधला, एवढंच ती म्हणत ऱ्हायली.

दुसऱ्या दिवशी जोतीरामानं पयली गाडी धरली. डब्यात पोलीस चढला की तो खिडकीकडं तोंड करायचा. मिरजेला गाडी बदलून सांगलीला पोचला. बाहुबली शेट दुकानात हळद तोलत हुता. झडतीचं नाव निघताच त्येचा हात थांबला.

"कसला बाजा? मी कुणाला बाजा विकला न्हाई. तुमी कोण, मला ठावं न्हाई."

जोतीरामाला कळलं, ह्यो माणूस आपल्यापरीस जास्त भ्यालाय. त्येनं नुसतं पाणी मागितलं. शेटाची बायको गुणमाला त्येला सोप्यात घेऊन गेली. तिथं दुसरा एक बाजा हुता आन् शेजारी वाटीत बाभळीचे लांब पांढरे काटे. समद्यांची टोकं घासून अणकुचीदार केलेली. जोतीराम पाण्याचा तांब्या तसाच धरून बघत ऱ्हायला.

"आक्का, हे काटे?"

"सुया कुठं मिळतात आता? काटाच लावतो," ती म्हणाली. "ते पितळी यंत्र तुमच्या पेटीत गेलं, तवापासनं मी दगडावर घासती."

"गुणमाला, आत जा," शेट मागनं वरडला.

चावडीवर येऊन एवढंच सांगा म्हणून जोतीरामानं शेटाला हात जोडले. मला लेकरंबाळं हायती, शेट म्हणाला, आन् पुन्हा तराजूकडं वळला. जोतीरामानं वाद घातला न्हाई. काटे मागितले न्हाईत. बाभळी आपल्या बांधावर पायलीनं हायत्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी चावडीपुढं समदं गाव उभं. फौजदारानं लाख फोडली. जोतीरामानं नळीत काटा घातला, दांडी धरली, तर चाक फिरंना. कुंकू आन् तेल बसून दगड झालेलं. रॉकेलचा बोळा घेऊन तो एकेक फट कोरू लागला. घाम यंत्रावर टपटप पडत हुता. चाक सुटलं, तर दांडी जोरात फिरली आन् पयला काटा मोडला. शिपाई बेडी खुळखुळवत जवळ सरकला. जोतीरामानं कोपर मांडीला टेकवलं, दुसरा काटा घातला आन् सावकाश दांडी फिरवली. टोक निघालं. काटा बाजाला लावून त्येनं तबकडीवर टेकवला.

आधी खरखर. मग पेटीतनं बाईचा आवाज आला, सुईपरीस मऊ.

तबकडी संपली. फौजदारानं काटा काढून उन्हात धरला, टोक बोथट झालं हुतं. त्येनं काटा नळीत घातला, स्वताच्या हातानं दांडी फिरवली, टोक अंगठ्यावर टोचून बघितलं आन् तबकडी उलटी लाव म्हणाला. ती बाजूबी त्येनं उभ्यानं ऐकली. मग शिपायाला बेडी आत ठेवायला सांगितली.

म्होरं जोतीरामानं कोरेगावात दुकान घातलं. बाजे, दिवे, घड्याळं, समदं यायचं. पर नाव ठावं न्हाई असा एक खिळाबी तो दुकानात ठेवून घ्यायचा न्हाई. हरेक वस्तूला दोऱ्यानं चिठ्ठी बांधायचा. पोलिसाचा बूट वाजला की म्हातारपणीबी त्येच्या हातातला पेचकस थांबायचा.

साळूबाईनं यंत्र पुन्हा देव्हाऱ्यातच ठेवलं, कुणाचं ऐकलं न्हाई. जोतीरामानं त्येलाबी चिठ्ठी बांधली: 'बाजाच्या काट्याला टोक काढायचं यंत्र.' चिठ्ठीवर कुंकू सांडून अक्षरं पुसली, की तो नवी लिहायचा.