किल्लीबरोबर माणूस

श्री. बाळाराम हिरू म्हात्रे यांना मी प्रथम पाहिले ते एका बंद तिजोरीसमोर. बी.कॉम.चा निकाल हाती येऊन महिनाही झाला नव्हता. भिवंडीतील आपल्या पतसंस्थेत कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झाल्याचा तो माझा तिसरा दिवस होता, आणि म्हात्रेसाहेब तेव्हा व्यवस्थापक होते. दिवस लग्नसराईचे. एक सभासद तारण ठेवलेले दागिने सोडवायला सकाळीच आले होते, कारण त्याच संध्याकाळी त्यांच्या मुलीची हळद होती. तिजोरीला दोन किल्ल्या. एक साहेबांकडे आणि दुसरी रोखपाल केणीकाकांकडे. केणीकाका अंबाडीला घरी तापाने पडले होते आणि त्यांनी आपली किल्ली भावाच्या हाती पाठवून दिली होती.

साहेबांनी ती किल्ली घेतली नाही.

"किल्ली आली ना साहेब? मग अडलंय कुठं?" सभासद चिडून म्हणाले.

"किल्ली आलीय. केणी कुठं आलेत?"

"अहो, तो माणूस तापानं फणफणलाय!"

"म्हणून तर जीप करतोय. एस.टी.नं आणणं बरं दिसणार नाही."

दोन-अडीच तासांनी केणीकाका घोंगडी पांघरून आले. दारातूनच ओरडले, "बाळाराम, उद्या माझं मढं आणशील रे तू तिजोरी उघडायला!"

"मढ्याला सही करता येत नाही, काका. त्यापेक्षा लवकर बरे व्हा," असे म्हणून साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, स्वतः चहा आणून दिला आणि मग दोघांनी मिळून तिजोरी उघडली. सभासद दागिने घेऊन आभार न मानता निघून गेले. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "वैद्य, दोन किल्ल्या दोन माणसांसाठी असतात. दोन्ही एका हातात आल्या की तिजोरीला कुलूप नसतं, नुसता दरवाजा असतो."

म्हात्रेसाहेबांच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लिहायला बसलो, तेव्हा ग्रंथ समितीच्या एका ज्येष्ठ सदस्यांनी मला बाजूला घेऊन सुचवले की, पाच वर्षांपूर्वीचे 'ते' प्रकरण लेखात येऊ नये. शुभप्रसंगी अशुभ कशाला, हा त्यांचा हेतू मी समजू शकतो. परंतु ते प्रकरण वगळले, तर साहेबांवरचा एक डाग तसाच राहतो. संस्थेचे पैसे म्हात्र्यांच्या हलगर्जीमुळे गेले, असे आजही अनेक सभासद मानतात. ती समजूत चुकीची आहे. ती दुरुस्त करणे हे या लेखाचे पहिले काम आहे आणि गौरव त्यानंतरचे.

व्यवस्थापकपदावरून निवृत्त झाल्यावर साहेब संस्थेचे मानद कार्यवाह झाले. नेमक्या त्याच काळात संस्थेने ऑनलाइन व्यवहार सुरू केले. काल्हेरच्या गोदामांत काम करणाऱ्या सभासदांचे पगार आणि कारखानदारांची देणी संस्थेच्या बँकखात्यातून इंटरनेटवरून जाऊ लागली. साहेबांचे शिक्षण जुन्या अकरावीपर्यंतचे. इंग्रजी पडद्यासमोर ते प्रथम अवघडत. पण बँकेच्या अधिकाऱ्यांनी 'व्यवहार एकाने भरायचा, दुसऱ्याने तपासून मंजूर करायचा आणि दोघांचे पासवर्ड वेगळे' असे समजावून सांगताच ते हसले आणि म्हणाले, "म्हणजे आमचीच तिजोरी. फक्त दिसत नाही एवढंच."

त्यांनी नियम लिहून काढले. पासवर्ड कोणी कोणाला सांगायचा नाही. भरणारा संगणकावर बसेल, मंजूर करणारा संस्थेच्या फोनवर, आणि त्या फोनवर दुसरे काहीही उघडायचे नाही. तिसरा नियम त्यांच्या लाल वहीचा. त्या वहीत प्रत्येक सभासदाचा नंबर त्यांनी स्वहस्ते, सभासद समोर बसलेला असताना लिहून घेतला होता. फोनवरून वा संदेशातून काहीही आले, मग ती विनंती असो, तक्रार असो वा निमंत्रण, तर आधी वहीतल्या नंबरावर उलट फोन करून खात्री करायची. एकदा खुद्द अध्यक्षांनी घाईने फोनवरून एक रक्कम पाठवायला सांगितली, तर साहेबांनी "ठेवा, मी करतो" म्हणून त्यांनाच उलट फोन लावला. अध्यक्ष वैतागून म्हणाले, "अरे, आता तर बोलत होतो तुझ्याशी!" साहेब म्हणाले, "कोणीतरी बोलत होतं खरं. तेच बघतोय."

नियमाला सैल पडायला मोठे कारण लागत नाही. आमच्याकडे तो लग्नसराईत सैल पडला. आपल्या भागात हळद चुकवणे म्हणजे वैर पत्करणे. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत निम्मे कर्मचारी रजेवर असत आणि उरलेल्यांनी त्यांचे काम 'सांभाळून घ्यायचे', हा संस्थेचा जुना रिवाज होता. व्यवहार भरण्याचे काम सुनीताताईंकडे होते, मंजुरीचे माझ्याकडे. दिराच्या लग्नासाठी त्या तीन दिवस रजेवर निघाल्या, तेव्हा मी त्यांना म्हणालो, "ताई, तुमचा पासवर्ड ठेवून जा. गोदामवाल्यांचे पगार अडायला नकोत."

त्या घुटमळल्या. "साहेबांना विचारू का सर?"

"साहेबांना कशाला? मी आहे ना."

त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. मागितली मी होती, हे येथे स्पष्ट नोंदवतो. आणि दोन ठिकाणी उठबस नको म्हणून व्यवहार भरणे आणि मंजूर करणे, ही दोन्ही कामे मी संस्थेच्या त्या एकाच फोनवर करू लागलो. अंबाडीहून आलेली किल्ली साहेबांनी हातात घेतली नव्हती. मी ती मागून घेतली होती.

शुक्रवारी दुपारी त्या फोनवर एका जुन्या सभासदाच्या नंबरावरून संदेश आला. मुलाच्या लग्नाचे आग्रहाचे निमंत्रण, सोबत पत्रिका जोडलेली. सभासदांच्या घरच्या लग्नाला संस्थेचा आहेर जातो आणि तारखांची यादी माझ्याकडे असते. पत्रिकेची दखल घेतली नाही, तर माणसे वर्षानुवर्षे रुसतात. मी पत्रिका उघडली. उघडले काहीच नाही; पडदा क्षणभर हलला आणि पूर्ववत झाला. लाल वहीची प्रत माझ्याच टेबलावर होती. मी उलट फोन केला नाही. त्यानंतर मी पगार भरले आणि मंजूर केले. त्या पत्रिकेच्या वेषात फोनमध्ये शिरलेला कोणी माझी बोटे कोणत्या अक्षरांवर पडतात ते पाहत होता. दोन्ही पासवर्ड त्याला एकाच बैठकीत मिळाले, आणि मंजुरीचे ओटीपीही त्याच फोनवर येत होते. सोमवारी कार्यालय उघडले, तेव्हा खाते रिकामे होते.

ज्यांच्या नंबरावरून पत्रिका आली, त्यांचाही फोन असाच परस्पर कोणाच्या तरी ताब्यात गेला होता. मला अधिक बोचते ते वेगळेच. त्या सभासदांना मुलगा नाही. दोन मुली आहेत, आणि त्यांच्या खात्यावर वारस म्हणून दोघींची नावे मीच नोंदवली आहेत.

साहेबांनी दार लावून मला एकच प्रश्न विचारला, "दोन्ही कोणाकडे होते?" मी सांगितले.  ते म्हणाले, "पोलिसांना आणि संचालकांना हे असंच सांगा. एक अक्षर इकडंतिकडं नको." मी तसेच सांगितले. माझी वेतनवाढ रोखली गेली, सुनीताताईंना समज देण्यात आली. पोलिसांनी पैशांचा माग काढला तो परक्या राज्यांतल्या, परक्या नावांच्या खात्यांपर्यंत. त्यापुढे वाट संपली. हाती आले ते नगण्य होते.

मग सभासदांची सभा झाली. सभागृहात बसायला जागा नव्हती. खाडीची मासळी विकणाऱ्या पार्वतीबाई पुढे आल्या आणि न ओरडता म्हणाल्या, "सायेब, मना लिवाला येत न्हाय. मी तुमच्या तोंडाकरं बघून पैसं ठेवलं व्हतं. आता कोनाच्या तोंडाकरं बघू?"

साहेब उभे राहिले. "नियम मी केला होता. तो पाळला जातोय की नाही, हे बघणं माझं काम होतं. मी बघितलं नाही. दोष माझा आहे," एवढेच ते बोलले. मी उठू लागलो, तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात दाबला. "बसा वैद्य. माझं संपलेलं नाही." आणि त्यांनी तेथेच राजीनामा वाचून दाखवला.

मी बसलो. सभागृहातून कोणीतरी "चोर" असा शब्द उच्चारला. तो मी स्पष्ट ऐकला, साहेबांनीही ऐकला असणार. बाहेर आल्यावर मी त्यांना विचारले, "साहेब, मला का उठू दिलं नाहीत?" ते म्हणाले, "माझ्यापुढं आता उरलंय किती? तुमची मुलगी बारावीला आहे. भिवंडी लहान आहे हो."

काल्हेरला त्यांच्या वडिलोपार्जित भातशेतीचा शेवटचा तुकडा उरला होता. सभोवती गोदामे उठली, तरी त्यांनी तो विकला नव्हता. त्या वर्षी विकला. पार्वतीबाईंसारख्या लहान ठेवीदारांना प्रथम पैसे मिळाले ते त्यातून, आणि ही गोष्ट जाहीर करायची नाही, असे त्यांनी संचालकांकडून वचन घेतले. त्यांची अनुमती घेऊनच मी ती येथे लिहीत आहे. त्या जागेवर आज ऑनलाइन खरेदीचा माल साठवणारे गोदाम आहे. साहेब त्या रस्त्याने जात नाहीत.

सध्या ते टेमघरला असतात. सकाळी चहा झाला की ओटीवर बसतात, शेजारी एक लाकडी बाक ठेवलेले असते. ज्याला फोनवरच्या संदेशाविषयी शंका असेल, त्याने यावे. दृष्टी आता अधू झाली आहे. संदेश कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्यावा लागतो. मागील महिन्यात मी गेलो, तेव्हा एक यंत्रमाग कामगार घाबरून आला होता.

"चाचा, देखो ना, बोलता है आज रात को लाइट काट देगा. इस नंबर पे फोन करो बोलता है."

"भाई, भिवंडी में कितने साल से हो?"

"बीस साल."

"बीस साल में लाइटवाले ने कभी बताके काटी है क्या?"

बाकावरचे सगळे हसले. तो कामगारही हसला आणि त्याने संदेश पुसून टाकला. पण त्याच सकाळी एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. त्यांच्याकडून ओटीपी आदल्याच दिवशी सांगून झाला होता. साहेबांनी त्यांना तक्रार कोठे आणि कशी करायची ते सांगितले, सोबत मला पाठवले, परंतु त्या गेल्यावर म्हणाले, "बहुतेक सगळे नंतर येतात, वैद्य. आधी येणारा एखादाच." संस्थांची तीच अवस्था आहे. आम्ही यंत्रे नवी घेतली, लेखापरीक्षण कडक झाले, भिंतीवर सूचनाफलक लागले. चोरांची हुशारी मात्र आमच्या फलकांची वाट पाहत थांबत नाही, आणि आमचे 'सांभाळून घेणे' पुरते सुटले आहे, असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

या लेखाचा मसुदा तयार झाल्यावर मी साहेबांना फोन केला. "साहेब, मी वैद्य. सभेत जे सांगायचं राहिलं, ते ग्रंथात लिहू का?" पलीकडून काहीच न बोलता फोन बंद झाला. रागावले असावेत, असे वाटून मी तसाच बसून राहिलो. पाच-सात मिनिटांनी माझा फोन वाजला. नातवाकडून लाल वहीतला माझा नंबर वाचून घेऊन त्यांनी उलट फोन लावला होता.

"हं, बोला. तुम्हीच का, ते बघत होतो. हल्ली आवाज कोणाचाही काढतात म्हणे."

मी प्रश्न पुन्हा विचारला. त्यांनी उलट विचारले, "मुलगी कुठं असते आता?"

"नोकरीला लागली, साहेब. पुण्याला."

"मग लिहा. पण मी कसा मोठा, ते कमी लिहा. किल्ली कशी गेली, ते नीट लिहा. कोणीतरी वाचून आधी येईल."

त्याप्रमाणे लिहिले आहे. सभासद बंधुभगिनींनो, त्या दिवशी दुसरी किल्ली माझ्या हातात होती. म्हात्रेसाहेबांच्या नव्हे. त्या सभेत उभे राहायला हवे होते ते मी, आणि आज या पानावर उभा आहे.

म्हात्रेसाहेबांना उदंड आयुष्य लाभो, त्यांच्या डोळ्यांना आराम पडो आणि प्रकृती धडधाकट राहो. ओटीवरचे ते बाक एखाद्या सकाळी रिकामे राहावे आणि ते रिकामे बाक त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, अशी माझी प्रार्थना आहे. तशी सकाळ जवळ दिसत नाही. म्हणूनच त्यांना आयुष्य अधिक लागणार आहे.