गाठीतला गूळ

मी आता ज्या मोठ्या शहरात राहते तिथं धुळीचं वादळ आलं की माणसं खिडक्या लावून घेतात, नाकाला रुमाल बांधतात आणि हवा किती बिघडली यावर चहाच्या दोन फेऱ्या होतात. मला मात्र गूळ आठवतो आणि मग दिवसभर माझं डोकं ठिकाणावर नसतं.

मोठ्या दुष्काळानंतरच्या वर्षांत आम्ही परतूरला राहत होतो. वडील नव्हते. माय जिनिंगमध्ये रेच्यावर कापूस टाकायची. रेचा म्हणजे सरकीपासून रुई वेगळी करणारं यंत्र. त्याच्याभोवती पांढरा धुरळा इतका दाट, की शेजारची बाई दिसायची नाही. काम सुटलं की मुकादम प्रत्येकीच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. छातीत गेलेली रुई गुळानं खाली उतरते, असं सगळ्याच मानायच्या. बायका तिथंच रांजणापाशी खडा चघळायच्या, वर पाणी प्यायच्या. माझी माय तो पदराच्या गाठीत बांधून घरी आणायची. मी आणि धाकटी बहीण दारातच बसलेल्या असायचो.

"तुला न्हाई का?" असं मी एकदाच विचारलं.

"मला गोड न्हाई आवडत," ती म्हणाली. मला ते खरं वाटलं. खरं वाटून घेणं सोयीचंही होतं.

एका उन्हाळ्यात दुपारीच आभाळ तांबडं झालं. उघड्या पडलेल्या रानांतली माती उठली आणि समोरचं घर दिसेनासं झालं. संध्याकाळी माय आली ती ओळखू येईना. केसांत रुई, रुईवर माती. खोकत खोकतच तिनं गाठ सोडली. मी खडा तोंडात टाकला आणि लगेच थुंकला.

"कचकच लागती! असला कशाला आणलाय?"

तिनं तो जमिनीवरून उचलला, तांब्यातल्या पाण्यात बुचकळला आणि पुन्हा माझ्यापुढं धरला. "धुतलाय आता. खा जल्दी, विरघळून जाईल."

मी नाक मुरडून खाल्ला.

पुढचा हंगाम सुरू झाला तेव्हा माय अंथरुणाला खिळली होती. रेच्यावर तिच्या शेजारी काम करणारी मावशी भेटायला आली. मायची धाप ऐकून तिला रडूच फुटलं. मला म्हणाली, "मी बी तीच हवा खाल्ली, मला तर काई झालं न्हाई. ही गूळ खात न्हवती का गं?"

मायनं माझ्याकडं बघितलं आणि हळूच मान हलवली, सांगू नको म्हणून.

"खायची," मी म्हणाले. "रोज खायची."

आठ दिवसांनी माय गेली.

गुळानं छाती साफ होते यात काही तथ्य नाही, असं मला पुढं एका डॉक्टरांनी सांगितलं. जिवाला बरं वाटलं, पण टिकलं नाही, म्हणून दुसऱ्यांना विचारलं. तेही तेच म्हणाले. अजूनही नवा डॉक्टर भेटला की मी विचारते.