टीव्हीच्या पोटातली जाळी

जुन्या रंगीत टीव्हीच्या काचेमागे एक पातळ पोलादी जाळी असते, हे लोकांना सांगून सांगून मी थकलो. मागून येणारे इलेक्ट्रॉनांचे तीन झोत तिच्या बारीक भोकांतून काचेवरच्या नेमक्या रंगीत ठिपक्यांवर पडले, तरच माणसाचा चेहरा माणसासारखा दिसतो; नाहीतर हिरवा. दिल्लीजवळ साहिबाबादच्या एका कारखान्यात मी ही जाळी आखायचो. ती तयार होते सपाट. मग साच्यात दाबून तिला काचेसारखा फुगवटा देतात. तेव्हा पत्रा ताणला जातो आणि भोकं जागा सोडतात. म्हणून सपाट नकाशात ती मुद्दाम वाकडी काढायची. किती वाकडी, यातच सगळी मेख.

मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत मात्र मी 'जालीवाले भाईसाहब'. आईसुद्धा आधी "मुलगा जाळ्या करतो" असंच सांगायची आणि बायका लगेच मच्छरांच्या जाळीचा भाव विचारायच्या. माझं डोकं फिरायचं. शेवटी पुरणाची चाळणी पुढ्यात धरून तिला सगळं समजावलं. चाळणी उलटीपालटी करत ती म्हणाली, "म्हणजे आधी वाकडं, मग सरळ. तुझ्या बाबतीत उलटंच झालं की रे!"

मग बाजार खुला झाला. तयार जाळ्या बाहेरून स्वस्तात येऊ लागल्या आणि आमचा विभाग बंद पडला. आईला मी त्याच दिवशी सांगितलं. पुढे कबुतरं येऊ नयेत म्हणून बाल्कन्यांना जाळी बसवायचं काम धरलं, तेही सांगितलं. "कामाची कसली लाज?" ती म्हणाली. मला होती, चांगलीच होती. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून मी पार गुडगावच्या नव्या इमारतींतली कामं घ्यायचो.

एका जानेवारीत मला कामं देणाऱ्या दुकानदाराने आमच्या पलीकडच्याच सोसायटीतलं काम गळ्यात मारलं. या भागातला त्याचा फिटर आला नव्हता, तेव्हा जाळीची गुंडाळी खांद्यावर टाकून मीच गेलो. दार उघडलं तर आत हळदीकुंकू. साडीवर स्वेटर घातलेल्या बायकांच्या मधोमध आई बसली होती.

"माझा मुलगा टीव्हीच्या आतली जाळी आखतो," ती सांगत होती. "साधं नाही हं ते. भोकं आधी मुद्दाम वाकडी..."

तेवढ्यात तिला मी दिसलो. वाटलं, जिना उतरून पळून जावं. घरच्या बाई मला बाल्कनी दाखवायला उठल्या, आणि आईच बोलली.

"भैया, बूट उधर निकालो. कालीन खराब होगा."

"जी, माताजी," मी म्हणालो.

बूट काढले. मोज्याला भोक होतं. कुणाकडेही न बघता बाल्कनीत गेलो आणि पाठ फिरवून मोजपट्टी काढली. कान तापले होते. आत कुणीतरी विचारलं, "हं, मग? वाकडी कशाला काढतात?"

"ताण बसला की नीट होतात," आई म्हणाली. तिचा आवाज जराही हलला नाही. मी जाळीचं एक टोक कठड्याला बांधलं आणि दुसरं ओढून ताणलं.