स्वयंपाकघरातला कान

औंधच्या टेलिफोन ऑफिसात बनाबाईंनी ट्रंक कॉल जोडून दिले, तेही एक-दोन नव्हे, पंधरा वर्षं. कॉल नीट लागलाय का बघायला कान लावावाच लागे, आणि तेवढ्यात काय काय कानावर पडायचं! कुणाची सोयरीक मोडली, कुणाचा फौजेतला लेक जखमी झाला. रुजू झाल्या त्याच दिवशी साहेबांनी बजावलं होतं, "इंग्रजांच्या वेळचा कायदा आहे, अठराशे पंच्याऐंशीचा. लाईनवरचं बाहेर बोललात तर तीन वर्षं आत." पण खरं सांगायचं तर बाईंना तुरुंगाचं भय नव्हतंच. माणसं विश्वासानं बोलतात, ते चार जणांत कसं सांगायचं? नवऱ्यानं खोदून खोदून विचारलं तरी त्यांनी कधी ब्र काढला नाही.

मागल्या वर्षी त्या मोरीत घसरून पडल्या. तेव्हा पुण्याचा लेक, विश्वजित, स्वयंपाकघरात कॅमेरा लावून गेला. "नुसतं चित्र दिसतं आई. काळजीपोटी लावलाय." बरं बाबा, म्हणाल्या.

त्याच स्वयंपाकघरात दगडाबाई रोज दुपारी चहाला यायची. परकरात होत्या तेव्हापासूनच्या मैत्रिणी. एके दिवशी ती हळूच म्हणाली, "बने, आमचा नानासो हक्कसोडीवर सही मागतोय. म्या न्हाई करायची. बापाच्या रानात माझा बी वाटा हाय. साताऱ्याचा वकील गाठलाय. दावा लागंपातूर कुणाला बोलू नगंस."

आणि चौथ्या दिवशी तिचा हा भाऊ नानासो भावकी घेऊन तिच्या दारात हजर! साताऱ्याच्या वकिलासकट सगळं त्याला पाठ. दगडाबाईचं चहाला येणं बंद झालं. वाटेत दिसली तर मान फिरवून जाई. आपलं काय चुकलं, बनाबाईंना कळेना.

मग रविवारी विश्वजितचा फोन आला. "आई, दगडामावशीच्या दाव्यात तू पडू नकोस."

"तुला कुणी सांगितलं रं?"

तर म्हणतो कसा, "अगं, कॅमेऱ्यात आवाजपण येतो."

"आन् नानासोला?"

"त्यांनी माझ्या नोकरीसाठी शब्द टाकलेला, आई. एवढं तरी..."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेल्या! पोटच्या पोरानं आईच्याच चुलीपाशी चोरून कान लावावा? पडायची पर्वा न करता त्या खुर्चीवर चढल्या, कॅमेरा ओढून काढला आणि तसंच दगडाबाईचं घर गाठलं.

दगडाबाई शेंगा फोडत बसली होती. बनाबाईंनी कॅमेरा तिच्यापुढं ठेवला आणि सगळं सांगितलं. लेकाचं नाव घेताना जीभ अडखळली, पण घेतलं. "मी न्हाई गं बोलले, दगडे. तू दावा लाव, मी साक्षीला येते."

"सही झाली बने, शुक्रवारीच." दगडाबाईनं मान वर केली नाही. "नानासोला म्या भ्याले न्हवते. वाटलं, तूच फुटलीस. मग भांडायचं तरी कुणाच्या जिवावर?"