सुजितचा उजवा हात

लिही विजू, तुझ्या सुजितकाकाचं. माझा धाकटा. त्यो क्रिकेट न्हाई, बेसबॉल खेळायचा. टप्पा न पाडता चेंडू जोरात फेकायचा आन समोरच्यानं दांडक्यानं मारायचा. फेकणारा आपला सुजित. गोठ्याच्या भिंतीवर खडूनं चौकट काढून धपाधप फेकायचा. गिलावा पडला, म्हशीनं पान्हा चोरला, पर ह्यो थांबंल तर शप्पथ!

चाकणच्या कंपनीत लागला, तिथं लोखंडाचे जॉब, म्हंजे मशिनीवर घडवायचे जड तुकडे, डाव्या हातानं उचलायचा. सुपरवायझर म्हनायचा, "काय रं, उजवा घरी ठिवून आलास व्हय?"

ह्यो म्हनायचा, "त्यो रविवारी लागतो, साहेब."

मग दुबईची एक टीम निगडीला पगारी खेळाडू निवडाया आली. सुजित सत्तावीसचा झालेला. म्हनला, "आई, औंदा न्हाई झालं तर पुन्हा कोन इचारनार न्हाई."

मला वाटलं, पोराचा हात मोकळा व्हावा. सकाळी त्यो च्या पीत बसला, तवा खांद्यापासून बोटापतुर वाटीभर तिळाचं तेल चोळलं. "आई, बास की," म्हनत त्येनं टावेलनं पुसलं आन गेला. मागनं मी बी गेले, तुझ्या बापाच्या गाडीवर.

उन्हात घाम सुटला, तसं तेल उतरलं बोटात. पयला चेंडू पकडणाऱ्याच्या डोक्यावरनं गेला. दुसरा जाळीत. तिसरा मारणाऱ्याच्या पाठीत! अंपायरनं येऊन ह्याची बोटं हुंगली. "काय लावलंय? हे चालत नाही. बाहेर हो."

सुजितनं मान खाली घातली. माझं नाव घेतलं न्हाई गं त्येनं. मग माझ्यानं ऱ्हाववंना. गेले तशीच मैदानात.

"साहेब, तेल मी लावलंय. आई हाय मी त्याची."

"आजी, तुम्ही आधी बाहेर व्हा."

"व्हते की, पर साबण हाय का कुनाकडं?"

समदी हसली. अंपायर बी हसला. म्हनला, "धुवून या. पाचच चेंडू देतो."

नळावर मीच धुतला त्याचा हात, ल्हानपणी धुवायची तसा, बोटापासून खांद्यापतुर घासून. मग त्येनं पाच फेकले. एकाला बी दांडकं लागलं न्हाई.

घेतला त्याला. दोन वर्सं होता तिकडं. नऊ मॅची खेळला, बाकी बाकावरच. पेपरात नाव न्हाई का फोटू न्हाई. आता परत कंपनीत हाय.

तिकडनं फोन आला की मी पयलं इचारायची, "हात धुतलास का रं?"

"धुतला, आई," म्हनायचा. "आज बी बाकावरच बसलो, पर धुतला."