मेंढ्यांचा स्कोअर

“यात हरायचं कसं?” मी विचारलं.

“हरता येत नाही, सर,” वैष्णवी म्हणाली.

“मग जिंकायचं कसं?”

“तेही नाही.”

समोरच्या पडद्यावर मेंढ्यांचा एक कळप माळावर उभा होता. मागे अर्धवट बांधलेले टॉवर, पलीकडे डोंगराची रेघ. कंट्रोलरचं एक बटण दाबलं की धनगर शीळ घालायचा, दुसरं दाबलं की काठी उंचवायचा. कळप हाकत माळावरून पाण्यापर्यंत न्यायचा आणि संध्याकाळी वाड्यावर, म्हणजे रात्रीच्या मुक्कामाला, बसवायचा. एवढंच. एखादं मेंढरू चुकार निघालं तर ते परत आणायचं, किंवा जाऊ द्यायचं. पडद्यावर कुठे आकडा नाही, वेळ नाही, शेवटी शाबासकी नाही.

नांदे गावातल्या एका छोट्या गेम स्टुडिओत मी डिझाइन रिव्ह्यूअर आहे. बनत असलेला प्रत्येक गेम मी खेळून पाहतो आणि तो पुढे न्यावा की थांबवावा, हे लिहून देतो. माझा आवाज मुळात हळू आहे. त्यामुळे माझी घाईची मतंही लोकांना विचारपूर्वक दिलेली वाटतात. हा माझा दोष आहे आणि त्याचा फायदा मला बराच काळ मिळालेला आहे.

वैष्णवी लातूरची. आमच्या ऑफिसजवळच फ्लॅट भाड्याने घेऊन राहते. तिच्या बाल्कनीतून मोकळ्या प्लॉटांमधून जाणारे कळप दिसतात, आणि त्यातूनच हा गेम तिला सुचला. मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटांचे आवाज तिने घोटावड्याला जाऊन एका धनगर कुटुंबाच्या वाड्यावर रेकॉर्ड केले होते.

आमचे स्टुडिओप्रमुख मंदार दाराशी येऊन उभे राहिले. “शिरीष सर, शुक्रवारपर्यंत सांगा. प्रकाशकांपुढे मांडायला आपल्याला एकाच नव्या गेमची जागा आहे. हा गेम असेल तर पाठवू. नसेल तर प्रोजेक्ट बंद, आणि वैष्णवी लुडोच्या टीममध्ये.”

लुडोच्या टीमला तेव्हा दिवाळीसाठी नव्या रंगांचे फासे हवे होते. वैष्णवीने कंट्रोलर उचलला आणि कळप पाण्याकडे हाकायला घेतला.

नव्या मुलांना शिकवताना मी एक व्याख्या सांगत आलो आहे. नियम हवेत, उद्दिष्ट हवं, वाटेत अडथळा हवा, आणि शेवटी निकाल हवा. हे चारही पडद्यावर घडलं की तो व्हिडिओ गेम. मग त्याचे प्रकार पाडायचे. त्यांना आमच्याकडे जॉनर म्हणतात. रेसिंग, फायटिंग, पझल, स्ट्रॅटेजी, असे. दुकानात जसे वेगवेगळे कप्पे असतात, तसं. कप्पा सांगता आला नाही, तर माल कुठे ठेवायचा हे दुकानदाराला कळत नाही.

“सर, लुडोत तरी खेळणारा काय ठरवतो?” वैष्णवीने विचारलं. “फासा सांगेल तिकडे सोंगटी जाते.”

“पण जिंकता येतं.”

“आणि कागदावरचं शब्दकोडं? त्याला कुणी गेम म्हणत नाही. तेच फोनवर आलं की लगेच पझल. काही गेममध्ये तर नुसती गोष्ट वाचायची असते आणि मधूनमधून ‘हो’ किंवा ‘नाही’ दाबायचं असतं. नुसतं चालायचे गेमही आहेतच की.”

“त्यांना लोक ‘वॉकिंग सिम्युलेटर’ म्हणून चिडवतात.”

“चिडवतात, पण खेळतात, सर.”

तिचा मुद्दा बरोबर होता. मला तो त्याच वेळी जाणवला होता, तरी मी माझ्या व्याख्येच्या बाजूने उभा राहिलो. मी म्हटलं, “आपण याला स्कोअर देऊ. सुरुवातीला पूर्ण गुण. मेंढरू हरवलं की गुण वजा. म्हणजे मंदारना समजावणं सोपं जाईल.”

तिने दुसऱ्या दिवशी तसा बिल्ड तयार केला. बिल्ड म्हणजे गेमची त्या दिवसापुरती खेळता येईल अशी आवृत्ती. पहिल्यांदा मंदार खेळायला बसले. त्यांनी पडद्यावरची सूचना वाचली, कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि चहाचा कप उचलला.

“खेळताय ना?” मी विचारलं.

“खेळतोय.”

धनगर जागचा हलला नाही. धनगर हलत नाही म्हणून मेंढ्याही हलल्या नाहीत. पडद्यावर सूर्य सावकाश मावळला आणि ‘पूर्ण गुण! अभिनंदन!’ अशी पाटी झळकली.

“चहा संपला आणि मी जिंकलो,” मंदार म्हणाले. “शिरीष सर, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तब्येतीला मानवणारा गेम सापडला.”

सगळं ऑफिस हसलं. मीही हसलो. काहीच न करण्याला सर्वांत जास्त गुण देणारा नियम मी केला होता. या धंद्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला ही चूक शोभत नव्हती. पण ती कबूल करण्याऐवजी मी त्या चुकीवर दुसरा नियम चढवला. ठरलेल्या वेळात पाण्यावर पोचायचं, नाहीतर गुण कमी.

तिसऱ्या दिवशी ऑफिसातले प्रोग्रॅमर खेळले. मेंढ्या माळावरून सुसाट सुटल्या. घंटांचा नुसता खणखणाट झाला. कोणीतरी ओरडलं, “वेग वाढवायला नायट्रो कुठंय रे ह्यांच्यात?” एकाने विक्रम केला, दुसऱ्याने तो मोडला, आणि मग सगळे जेवायला निघून गेले. परत येऊन कोणीही पुन्हा खेळायला बसलं नाही.

“आता रेसिंगमध्ये टाकू या, सर,” वैष्णवी म्हणाली. “उद्या मेंढ्यांना नंबर प्लेट लावते.” ती हसली, पण खुर्ची पलीकडे वळवून हसली.

गुरुवारी घोटावड्याहून दोन पाहुण्या आल्या. शांताबाई आणि त्यांची जाऊ सुमन. ज्यांच्या वाड्यावर घंटा रेकॉर्ड केल्या, त्याच या. ‘झाल्यावर दाखवीन’ असा शब्द वैष्णवीने त्यांना दिला होता. मी ठरवलं की त्यांच्याबरोबर रीतसर प्लेटेस्ट करावी. प्लेटेस्टचा नियम कडक असतो. बाहेरच्या माणसाने खेळायचं आणि बनवणाऱ्यांनी मागे उभं राहून गप्प बसायचं. सूचना नाही, खुलासा नाही. खेळणारा अडला तरी त्याच्यासाठी बटण दाबायचं नाही.

“मावशी, जमेल ना हे धरायला?” वैष्णवीने सुरुवातीपूर्वी विचारलं.

“न जमायला काय झालं? पोराच्या मोबाइलवर फुगं फोडायचा गेम लई खेळते म्या,” शांताबाई म्हणाल्या. “त्यो वरडतो, बॅटरी संपली म्हनून.”

आम्ही पहिला, बिनगुणांचा बिल्ड लावला. शांताबाईंनी शीळ घातली, कळप हलला. टॉवरच्या कुंपणाशी तो दुभंगला आणि निम्म्या मेंढ्या आत शिरल्या.

“अगं, निम्मी घुसली की बिल्डरच्या प्लॉटात!” सुमनताई ओरडल्या. “आता वॉचमन येतोय बघ दांडकं घिऊन.”

“गप गं. आनते माघारी.”

“आनशील तवा आनशील. हिकडची गेली की वढ्याला.”

“तूच बडबड करून बुजवलीस.”

“टीवीतल्या मेंढरांना माझं ऐकू येतंय व्हय?”

कळप कसाबसा पाण्यावर पोचला. शांताबाई विजयी मुद्रेने मागे टेकल्या. सुमनताईंनी मान हलवली. “ह्यात काय मोठं? कुंपनाला न शिवता नेऊन दाव.”

“दावते की.”

कुंपणाला शिवायचं नाही, हा नियम आमच्या गेममध्ये कुठेच नव्हता. तो त्यांनी त्याच क्षणी केला होता. शांताबाईंनी पुन्हा सुरुवात केली. एक काळं मेंढरू कुंपणाला घासून गेलं.

“शिवलं!”

“न्हाई शिवलं. सावली पडली ती.”

“दे हिकडं. माझी पाळी हाय आता.”

“थांब की जरा, हे एवढं काळं आनू दे.”

“दे म्हनते न्हवं!”

वैष्णवीने तोंडावर हात दाबून धरला होता. मी मागे हात बांधून उभा होतो, आणि कितीतरी दिवसांनी प्लेटेस्टमध्ये मला काहीच सुचवावंसं वाटलं नाही.

मग आम्ही माझा, गुणांचा बिल्ड लावला. दोघी एकेकदा खेळल्या. शेवटी पाटी आली, सुमनताईंचे गुण जास्त होते. सुमनताईंनी कंट्रोलर टेबलावर ठेवला.

“हे न्हाई बरं वाटत,” शांताबाई म्हणाल्या. “मगाचं लावा.”

“का हो, मावशी?” टेस्ट संपली होती, म्हणून मी विचारलं.

“ह्यात मशीनच सांगून मोकळं हुतंय कोन जिंकलं. मग आमी भांडायचं कशावरनं?”

सुमनताई जिंकल्या होत्या, तरी त्याही म्हणाल्या, “व्हय, मगाचंच लावा.”

शुक्रवारी मी मंदारना सांगितलं की स्कोअर आणि वेळेची अट काढून टाकावी आणि गेम पाठवावा.

“म्हणजे गेम आहे हा?”

“आहे.”

“उद्दिष्ट कुठंय? तुमचीच व्याख्या आहे.”

“उद्दिष्ट खेळणाऱ्यांनी आणलं. नियम आणि निकालही त्यांनीच आणला. आपण फक्त कळप दिला. माझी व्याख्या खोटी नाही, मंदार, पण ती चारही कामं बनवणाऱ्यानेच करायला हवीत, हे मी पदरचं घातलं होतं. आणि दोन दिवस वैष्णवीकडून नको ते काम करून घेतलं. त्याबद्दल मी तिची माफी मागितली आहे.”

“ती काय म्हणाली?”

“‘मेंढ्यांना वेगात पळवायचा कोड चांगला जमला होता, सर, वाया गेला’ म्हणाली.”

राहिला जॉनर. प्रकाशकांना तो कळवावाच लागतो. मंदारना ‘मल्टिप्लेयर’ असं लिहायचं होतं, कारण एका कंट्रोलरवर दोघी खेळल्या होत्या. वैष्णवीचा आग्रह ‘भांडण’ या शब्दाचा होता, पण तसा कप्पा कुठल्याच दुकानात नाही. शेवटी ‘सिम्युलेशन’, म्हणजे खऱ्या कामाची नक्कल, असं लिहिलं. गेम निवडला गेला आणि काही महिन्यांनी ऑनलाइन स्टोअरमध्ये आला. वैष्णवीची लुडोशी गाठ पडली नाही. नवे फासे दुसऱ्या कोणीतरी रंगवले, आणि चांगले रंगवले.

गेमवरचा पहिला अभिप्राय एका अनोळखी माणसाचा होता: ‘याला गेम म्हणताच येणार नाही.’ त्या स्टोअरमध्ये अभिप्राय देणाऱ्याच्या नावापुढे, त्याने तो गेम किती वेळ खेळला, हेही दिसतं. या गृहस्थांनी एक अख्खा शनिवार-रविवार घालवला होता.

वैष्णवीने विचारलं, “उत्तर देऊ का, सर?”

मी नको म्हटलं. व्याख्येवर वाद घालण्याची मला आता तेवढी हौस उरलेली नाही. रिव्ह्यूला बसताना आता मी आधी एक जास्तीची खुर्ची मागवतो आणि तिच्यावर बसलेला माणूस ‘दे हिकडं’ म्हणतो का, ते पाहतो. म्हणालाच, तर जॉनर नंतर शोधता येतो.