एकशे बाराव्या पानावरची भजी

पुरस्काराची यादी आली की मी आधी परीक्षकांची नावं वाचतो, पुस्तकांची मागून. कुणी कुणाला प्रस्तावना दिली, कोण कुणाच्या प्रकाशन समारंभात हार घालून बसलं होतं, हे सगळं जुळवत बसतो. बायको म्हणते, पोरीचं स्थळ बघताना एवढी चौकशी केली नव्हती तुम्ही. आता धाराशिवात राहून रविवारच्या पुरवणीत कादंबऱ्यांची परीक्षणं लिहितो, तर आपल्याला कुणी येडं बनवू नये, एवढंच माझं म्हणणं.

त्या वर्षी एका मोठ्या पुरस्काराच्या अंतिम यादीत आमच्या भागावरची कादंबरी आली. लेखिकेचं पहिलंच पुस्तक. मलपृष्ठावर लिहिलेलं, 'वास्तव्य पुणे'. झालं, माझ्या मनात पाल चुकचुकली. पुण्यात बसून मराठवाडा लिहिणारे मी लई बघितलेत.

पुस्तक चांगलं होतं. चांगलं होतं म्हणूनच संशय वाढला. शेवटी एकशे बाराव्या पानावर चोरी सापडली. तिथं येळवशीचा प्रसंग होता. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला आमच्याकडं रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करून घरची, पाहुणे सगळे जेवतात, आणि जेवायला भज्जी असते. हिरवे दाणे, पालेभाज्या नि बेसन एकत्र शिजवून केलेली भाजी. कादंबरीतली सासू मात्र कढईत भजी तळत होती! मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. 'बाईंनी येळवस बहुधा हॉटेलात साजरी केली असावी,' असं लिहून परीक्षण धाडलं. ते मोबाइलवर गावोगाव फिरलं. पुरस्कार दुसऱ्या पुस्तकाला गेला. समारंभात एका परीक्षकांनी माझं ते वाक्य वाचून दाखवलं म्हणे, तेव्हा मी आठवडाभर मिशीला पीळ देत हिंडलो.

दोनेक महिन्यांनी ती बाई दारात आली. चाळिशीची, आमच्याच जिल्ह्यातल्या बेंबळी गावची लेक, नवऱ्याच्या नोकरीपायी पुण्यात राहणारी. रागावलेली दिसली नाही. पिशवीतून हातानं लिहिलेली वही काढून तिनं तेच पान माझ्यापुढं धरलं. 'चुलीवर भज्जी रटरटत होती,' असं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं. प्रकाशकाकडं शुद्धलेखन तपासणाऱ्यानं तिथला एक ज चूक समजून उडवला, आणि भजी रटरटत नाहीत म्हणून ती कढईत तळायला टाकली. तिला कळलं ते पुस्तक छापून हातात आल्यावर.

"लिहायच्या आधी मला एक फोन लावायचा होता, सर," ती म्हणाली.

मला मान वर करवेना. उभ्या जन्मात इतकी लाज वाटली नव्हती. मी म्हणालो, दुरुस्ती लिहितो, परीक्षकांनाही कळवतो. ती नको म्हणाली. मग काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, नवीन काही चाललंय का.

"व्हय, चाललंय की," वही पिशवीत घालत ती म्हणाली, "पण पुण्यावर. तिथं मी परकीच आहे, पण मलपृष्ठावर 'वास्तव्य पुणे' हाय, कुणाला शंका यायचं कारण न्हाय."